कोल्हापूरचं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली, तेव्हापासून कोल्हापूरबाहेरची ओळखीची माणसं भेटली की त्याबद्दल विचारतात. पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारतात, परदेशात गेलेली मुलं फोनवर विचारतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. हौशी नाटकांत कामं केली, या रंगमंचावर उभा राहिलो आणि त्याहून कितीतरी जास्त वेळा समोरच्या खुर्चीत बसलो, एवढाच माझा अधिकार.

पॅलेस थिएटर आणि केशवराव भोसले नाट्यगृह एकच का?

हो, एकच. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलं तेव्हा त्याचं नाव ‘पॅलेस थिएटर’ होतं. १९१३ मध्ये काम सुरू झालं आणि १९१५ मध्ये इमारत उभी राहिली. पुढे १९५७ मध्ये संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. आमच्या आजोबांच्या पिढीची माणसं शेवटपर्यंत ‘पॅलेस’च म्हणत राहिली. आमची पिढी नुसतं ‘केशवराव’ म्हणते. ‘आज केशवरावला प्रयोग आहे’ एवढं म्हटलं की कोल्हापुरात कुणालाही कळतं.

कोल्हापूर तर मोठं शहर आहे. मग याला लहान गावातलं नाट्यगृह का म्हणता?

आजचं कोल्हापूर डोळ्यांसमोरून बाजूला सारा. १९०१ च्या खानेसुमारीत इथली लोकसंख्या चोपन्न हजारांच्या आसपास होती. आज तालुक्याच्या ठिकाणीही एवढी वस्ती सहज असते. एका करवीर संस्थानाची राजधानी, मध्यभागी अंबाबाईचं देऊळ, भोवती जुना राजवाडा आणि भवानी मंडप, मग पेठा, तालमी आणि त्यापुढे लगेच शेतं. अशा गावात दगडी भिंतींचं, कायमस्वरूपी, खास नाटकासाठी बांधलेलं थिएटर उभं राहिलं. मुंबईत व्यापाऱ्यांच्या पैशावर थिएटरं उभी राहत होती. इथे संस्थानाने पैसा घातला, आणि तोही अशा काळात, जेव्हा राधानगरीच्या धरणाचं प्रचंड काम याच संस्थानाने अंगावर घेतलं होतं. धरण आणि थिएटर एकाच राजाच्या मनात एकाच वेळी होतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

महाराजांना हे सुचलं कुठून? रोमचा संबंध सांगतात, तो खरा का?

रोमचा संबंध मुख्यतः शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाशी आहे. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोम पाहिलं, तिथली प्राचीन वर्तुळाकार प्रेक्षागारं पाहिली. परत आल्यावर त्यांनी कुस्तीसाठी तसंच मैदान बांधायचं मनावर घेतलं. मधे तांबड्या मातीचा हौदा, भोवती चढत जाणारा उतार आणि कुठेही बसलं तरी पैलवान दिसलाच पाहिजे, अशी ती रचना. १९१२ मध्ये मैदान तयार झालं. त्याच्या पाठोपाठ, त्याला खेटूनच, थिएटरचं काम निघालं.

कोल्हापूरला आलात तर दोन्ही वास्तू पाठीला पाठ लावून उभ्या दिसतील. एका बाजूला शड्डू, दुसऱ्या बाजूला तंबोरा. कुस्तीचा आणि गाण्याचा प्रेक्षक वेगवेगळा, असं महाराजांच्या डोक्यात नव्हतं. तोच माणूस दुपारी कुस्ती बघेल आणि रात्री नाटकाला बसेल, असं त्यांनी धरलं होतं. आणि ते तसंच झालं. आमच्या गल्लीत तालमीत मेहनत करणारे, पहाटे कट्ट्यावर दूध रिचवणारे कितीतरी पैलवान नाट्यपदं तोंडपाठ म्हणायचे. हे मी स्वतः ऐकलंय. म्हणून नुसत्या थिएटरचा इतिहास सांगता येत नाही, मैदान धरूनच तो सांगावा लागतो.

हे थिएटर बांधण्याआधी नाटकं कुठे व्हायची?

वाड्यांच्या चौकांत, देवळांच्या आवारात आणि कनातीच्या मांडवात. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, त्यांच्या दरबारात. म्हणूनच ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. पुढे नाटक मंडळ्या गावोगाव हिंडू लागल्या. गावात पोचायचं, मोकळी जागा भाड्याने घ्यायची, बांबू आणि पत्रे उभे करायचे, मुक्काम संपला की सगळं बैलगाडीत भरायचं. पाऊस लागला की खेळ बंद. म्हणून मंडळ्यांना पावसाळ्यात संस्थानिकांचा आसरा फार मोठा असायचा.

बांधलेली थिएटरं मुंबई-पुण्यात होती. मुंबईत जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये ग्रँट रोडचं थिएटर उभं राहिलं होतं आणि १८५३ मध्ये भाव्यांनी तिथे तिकीट लावून प्रयोग केले. पुण्यात ‘आनंदोद्भव’ होतं, जिथे ३१ ऑक्टोबर १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आलं. दक्षिण महाराष्ट्रातल्या मंडळ्यांना मात्र आपल्या भागात पक्क्या छपराचं, पक्क्या रंगमंचाचं ठिकाण हवंच होतं.

मग महाराष्ट्रातलं पहिलं नाट्यगृह हेच का?

नाही. वरचं उत्तर वाचलंत तर लक्षात येईल. ‘पहिलं’, ‘सर्वांत जुनं’ असली बिरुदं लावायची घाई कुणी करू नये. या वास्तूचं मोठेपण तिच्यात काय घडलं यात आहे आणि ते पुरेसं आहे.

केशवराव भोसले कोण होते? त्यांचंच नाव का दिलं?

जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूर. घरची गरिबी. अगदी लहान वयात ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले. देवलांच्या ‘शारदा’ नाटकातली शारदा त्यांनी पोरवयात उभी केली आणि त्या भूमिकेने त्यांचं नाव गावोगाव पोचलं. बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या गळ्यातून, म्हाताऱ्याशी लग्न ठरवलेल्या त्या मुलीची व्यथा ऐकून माणसं रडायची, असं जुनी माणसं सांगायची.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी स्वतःची मंडळी काढली, ‘ललितकलादर्श’. तेव्हा त्यांचं वय सतरा. आज सतराव्या वर्षी पोरगा बारावीच्या क्लासला जातो. केशवरावांनी त्या वयात नट, वादक, रंगपटवाले, आचारी अशा सगळ्यांच्या पोटाची जबाबदारी अंगावर घेतली. रामकृष्णबुवा वझ्यांकडे गाण्याची तालीम घेतली. वीर वामनराव जोशींच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ मधली त्यांची मृणालिनी गाजली. मामा वरेरकरांसारख्या नव्या नाटककाराला ‘हाच मुलाचा बाप’ या नाटकासाठी रंगमंच दिला तो केशवरावांनीच. हुंड्याच्या प्रश्नावरचं ते नाटक होतं. पौराणिक आणि ऐतिहासिक नाटकांवर पैसा मिळत असताना चालू सामाजिक विषयावरचं नाटक घेणं याला छाती लागते.

त्यांचा आवाज चढा, टिपेचा, धारदार. तान सपकन यायची. आज त्यांच्या अगदी थोड्या ध्वनिमुद्रिका ऐकायला मिळतात. जुनं ध्वनिमुद्रण, खरखर भरपूर, तरी त्यातून तो आवाज तीरासारखा बाहेर येतो.

४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने ते गेले. वय एकतीस. ‘संगीतसूर्य’ ही उपाधी त्यांच्या नावापुढे कायमची राहिली. मंडळी बापूराव पेंढारकरांनी पुढे चालवली, नंतर भालचंद्र पेंढारकरांनी. महाराष्ट्रातली इतकी वर्षं टिकलेली नाटक मंडळी कोल्हापूरच्या पोराने सतराव्या वर्षी लावलेली, म्हणून त्यांच्याच गावातल्या थिएटरला त्यांचं नाव. याहून योग्य नाव मला सुचत नाही.

गाजलेला ‘संयुक्त मानापमान’ चा प्रयोग इथेच झाला होता ना?

नाही. हा गैरसमज फार जणांचा आहे. तो प्रयोग ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झाला, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन मंडळ्यांचे दोन मालक, व्यवसायात एकमेकांचे प्रतिस्पर्धी, फंडासाठी एका रंगमंचावर आले. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले, म्हणून त्या रात्रीची आठवण जास्तच जपली गेली.

बालगंधर्वांचा आणि कोल्हापूरचा काय संबंध?

जवळचा. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचं गाणं शाहू महाराजांनी ऐकलं. मुलाला ऐकू कमी येत होतं, म्हणून महाराजांनी उपचारासाठी त्याला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात पाठवलं. किर्लोस्कर मंडळीचा मुक्काम तेव्हा मिरजेत होता आणि १९०५ मध्ये तो मुलगा मंडळीत दाखल झाला. कानाच्या दुखण्यासाठी गेलेला मुलगा रंगभूमीला मिळाला.

तेव्हा माइक नव्हते. मग शेवटच्या रांगेला ऐकू कसं यायचं?

हा प्रश्न विचारला की मला बरं वाटतं, कारण या वास्तूचा जीव इथे आहे. चार गोष्टी एकत्र काम करायच्या.

पहिली गोष्ट नटाचा गळा. त्या काळचा गायक नट मुळातच आवाज लांब फेकायला शिकलेला असायचा. पट्टी उंच, शब्द स्वच्छ, तोंड प्रेक्षकांकडे.

दुसरी, लाकूड. रंगमंच फळ्यांचा आणि खाली पोकळी. तंबोऱ्याचा भोपळा जे काम करतो, तेच काम थोड्या प्रमाणात ही पोकळी करते. फळी कंप पावते, आवाजाला भरीवपणा येतो. सिमेंटच्या ओट्यावर उभं राहून बोला आणि फळ्यांच्या रंगमंचावर उभं राहून बोला, फरक पोटात जाणवतो. मी पहिल्यांदा इथे उभा राहिलो ते राज्य नाट्य स्पर्धेत. दोन ओळींचं काम होतं. पहिलं वाक्य बोललो आणि माझाच आवाज तळपायांतून वर आला. मी इतका दचकलो की दुसरी ओळ बोलायला क्षणभर उशीर झाला. आमचे दिग्दर्शक नंतर म्हणाले, ‘‘घाबरलास का रं? फळी बोलली तुझ्यासंगं.’’

तिसरी, प्रेक्षागृहाचा आकार. मधे खांब नाहीत. खांब आले की दृष्टी अडते आणि आवाजही तुटतो. इथे कुठल्याही कोपऱ्यातून रंगमंच सरळ दिसायचा आणि आवाजाला वाट मोकळी मिळायची.

चौथी गोष्ट म्हणजे माणसं. रिकाम्या प्रेक्षागृहात आवाज घुमतो. भरलेल्या प्रेक्षागृहात माणसांचे कपडे आणि अंगं ती घुमणी शोषून घेतात आणि शब्द स्वच्छ होतो. म्हणून दुपारच्या रंगीत तालमीला जो आवाज चुकल्यासारखा वाटतो, तोच रात्री हाऊसफुल प्रयोगाला नेमका बसतो. बोलण्याला घुमणी कमी लागते, गाण्याला थोडी जास्त. संगीत नाटकात दोन्ही एकाच प्रवेशात येतात आणि ते दोन्ही सांभाळणारी जागा सापडणं कठीण. ही जागा तशी होती.

आमचे आजोबा मुद्दाम मागच्या रांगेचं तिकीट काढायचे. पैसे वाचवायला नव्हे. नांदी सुरू झाली की डोळे मिटून बसायचे. मी लहान होतो, पडदा वर जाताना बघायची घाई असायची. ते हात दाबायचे आणि हळूच म्हणायचे, ‘‘बघतोस काय? ऐक आधी.’’

या थिएटरचा आणि सिनेमाचा संबंध काय?

संबंध रंगवलेल्या पडद्यांचा आहे. तेव्हाच्या नाटकांत राजवाडा, अरण्य, रस्ता, महाल असे एकेक प्रसंगाचे पडदे लागायचे आणि ते रंगवणं ही मोठी कला होती. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू, म्हणजे चुलतभाऊ, यात वाकबगार. नाटक मंडळ्यांसाठी त्यांनी रंगवलेले पडदे उघडले की टाळ्या पडायच्या. पडदा रंगवता रंगवता त्यांना हलत्या चित्राचा ध्यास लागला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी कॅमेरा सिद्ध करून महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्याच कंपनीत व्ही. शांताराम तयार झाले. त्याआधी पोरवयात ते गंधर्व नाटक मंडळीत होते. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. म्हणजे कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणतात ते उगाच नाही. नाटकाचा रंगमंच, रंगवलेला पडदा आणि सिनेमाचा पडदा ही एकाच गावातल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांची साखळी आहे.

गाण्याचीही तीच कथा. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. नाट्यगृहाजवळच गायन समाज देवल क्लब आहे. संध्याकाळी देवल क्लबात बैठक आणि रात्री पॅलेसला नाटक, असा रिवाज त्या काळच्या रसिकांचा होता. संवादिनीवादक, संगीतकार आणि नट गोविंदराव टेंबे इथलेच. ‘मानापमान’ च्या चाली त्यांच्या.

रंगपट, विंग, पिट म्हणजे काय?

रंगपट म्हणजे रंगमंचामागची मेकअपची खोली. आरसे, त्याभोवती दिवे, सफेदा आणि काजळ. विंग म्हणजे रंगमंचाच्या बाजूची आड, जिथे नट एन्ट्रीची वाट पाहत उभा राहतो. पिट म्हणजे रंगमंचाच्या पुढ्यातली खोलगट जागा, तिथे ऑर्गन आणि तबला बसायचा. पहिल्या घंटेला रंगपटात धावपळ, दुसरीला देवाला नमस्कार आणि नारळ, तिसरीला पडदा. हा क्रम अजून कुणी मोडत नाही.

मधल्या काळात इमारतीचं काय झालं?

संस्थान विलीन झाल्यावर पुढे ती कोल्हापूर महानगरपालिकेकडे आली. वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या, खुर्च्या बदलल्या, दिवे आणि ध्वनिव्यवस्था आली. शंभरीच्या सुमारास मोठं नूतनीकरण झालं. व्यावसायिक नाटकांचे दौरे, राज्य नाट्य स्पर्धेची कोल्हापूर केंद्रावरची फेरी, शाळांची गॅदरिंगं, नृत्याचे कार्यक्रम, व्याख्यानं, सत्कार, सगळं इथेच. कोल्हापुरात नाचायला किंवा बोलायला शिकलेल्या बहुतेक पोरांनी पहिलं पाऊल याच फळ्यांवर टाकलंय.

८ ऑगस्ट २०२४ ला नेमकं काय झालं?

गुरुवारची रात्र होती. साडेनऊ-दहाच्या सुमारास खासबागेच्या बाजूने ज्वाळा दिसल्या. लाकूड, पडदे, खुर्च्यांचा फोम, सगळं पेटणारं. थोड्या वेळात आग छपराला भिडली. अग्निशमन दलाचे बंब आले, आजूबाजूच्या गावांतूनही मदत आली. रंगमंच, छप्पर आणि आतला भाग जळून गेला. जीवितहानी झाली नाही, हे देवाचे उपकार.

दुसरा दिवस ९ ऑगस्ट, केशवरावांची जयंती. या योगायोगाबद्दल कोल्हापुरात अजून कुणाला सलग बोलता येत नाही. मी सकाळी गेलो. रस्त्यावर काळं पाणी वाहत होतं. ओल्या राखेचा वास चपलांना चिकटला तो पुढे दोन दिवस गेला नाही. फाटकाबाहेर माणसं नुसती उभी होती: नट, प्रकाशयोजना करणारे, मेकअपवाले, चहावाले, ज्यांनी आयुष्यात एकदाच इथे नाटक पाहिलं असेल अशा बायका. मयताला जमावं तशी जमली होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातात हार होता, जयंतीसाठी आणलेला. ते तो हार घेऊन कितीतरी वेळ तसेच उभे होते. आत जायला बंदी होती.

आगीतून काय वाचलं?

दगडी भिंती उभ्या राहिल्या. पुढचा दर्शनी भाग राहिला. खासबाग मैदान शाबूत आहे. भिंत उभी दिसते म्हणून ती जशीच्या तशी मजबूत आहे असं मात्र समजू नये. प्रचंड उष्णता आणि त्यावर एकदम पडलेलं थंड पाणी यांनी दगडाला तडे जातात, पापुद्रे सुटतात, सांध्यांतला चुना कमकुवत होतो. म्हणून अशा भिंतीची तपासणी दगडागणिक करावी लागते. आणि दुरुस्ती करताना चुन्याच्या जागी सिमेंट भरलं तर ओल आत कोंडते आणि दगडच खराब होतो. चुना श्वास घेतो, असं जुने गवंडी म्हणतात, ते खरं आहे.

जळालेलं नाट्यगृह पुन्हा जसंच्या तसं बांधता येतं का?

येतं. जगात झालंय. व्हेनिसचं ला फेनिचे हे ऑपेरागृह २९ जानेवारी १९९६ ला जळालं. त्या गावाने ठरवलं, जिथे होतं तिथे आणि जसं होतं तसं. जुने फोटो, आराखडे, चित्रं गोळा केली, कारागीर शोधले आणि डिसेंबर २००३ मध्ये ते उघडलं. बार्सिलोनाचं लिसेऊ १९९४ मध्ये जळालं आणि १९९९ मध्ये परत सुरू झालं. आपल्या मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस जळालं नव्हतं, पण वर्षानुवर्षं बंद पडून खिळखिळं झालं होतं. तेही नीट अभ्यास करून दुरुस्त झालं आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलं.

आपल्याकडे आग लागल्यावर लगेच राज्य सरकारने २० कोटी रुपयांची घोषणा केली आणि पुनर्बांधणीला हात घातला गेला. कोल्हापूरकरांची मागणी पहिल्या दिवसापासून एकच आहे: होतं तसंच पाहिजे. पैसा लागतोच. त्याहून जास्त लागते ती मोजमापं, जुने नकाशे आणि घाई न करण्याची तयारी.

मग नवीन सोयी नकोतच का? एसी, अग्निसुरक्षा, लिफ्ट?

हव्यात. अग्निसुरक्षेबद्दल तर तडजोड नकोच. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये एका क्षणात खाली येणारा अग्निरोधक पडदा, छताला पाण्याचे फवारे, धुराची सूचना देणारी यंत्रणा, न पेटणारं कापड, बाहेर उघडणारी दारं. जगातल्या नाट्यगृहांनी हे सगळं माणसं गमावून शिकलंय. इंग्लंडमधल्या एक्झेटर गावात १८८७ मध्ये थिएटरला आग लागून १८० हून जास्त माणसं गेली, त्यानंतर तिथले नियम कडक झाले. वयस्कर प्रेक्षकांसाठी आणि व्हीलचेअरवरून येणाऱ्यांसाठी उतार हवा, बायकांसाठी पुरेशी स्वच्छतागृहं हवीत, रंगपटात नटीला कपडे बदलायला आडोसा हवा.

माझा आग्रह एका गोष्टीपुरता आहे. दुरुस्ती झाल्यावर माइक बंद करून एका गायकाला रंगमंचावर उभं करावं आणि प्रेक्षागृह भरून शेवटच्या रांगेत एखादा म्हातारा जाणकार बसवावा. त्याने मान हलवली तर काम झालं. ध्वनितज्ज्ञांची यंत्रं वापराच, त्यांनी मोजलेले आकडे मला मान्य आहेत. पण फळ्यांखालची पोकळी, छताचा आतला आकार, भिंतीवरचं लाकूड यांना हात लावताना गाणाऱ्या माणसाला विचारा. एसीच्या पंख्याचा बारीक घोंघाट हळुवार आलाप खाऊन टाकतो, हे आराखडा काढणाऱ्याच्या ध्यानात आधी आलं पाहिजे.

कोल्हापूरला आलो तर काय पाहावं?

अंबाबाईचं दर्शन घ्या, भवानी मंडपातून चालत खासबागेकडे या. अंतर थोडं आहे, रिक्षा करू नका. आधी कुस्ती मैदान बघा. उतारावर सर्वांत वरच्या बाजूला बसा आणि खाली हौद्याकडे पाहा. मग फिरून नाट्यगृहाच्या दर्शनी बाजूला या. आत जाता येईल की नाही हे कामावर अवलंबून आहे, तिथल्या पहारेकऱ्याला नीट विचारा आणि त्याने नाही म्हटलं तर ऐका. बाहेरून दगडी काम पाहण्यासारखं आहे. जवळच खाऊ गल्ली आहे. प्रयोगाच्या मध्यंतरात भेळ खायला पळणारे आणि तिसऱ्या घंटेला पुड्यासकट आत शिरणारे प्रेक्षक इथलेच. जूनमध्ये येणार असाल तर २६ तारखेला या, शाहू जयंतीला.

आमच्या घरी जुने फोटो, तिकिटं, हँडबिलं आहेत. त्यांचं काय करावं?

टाकू नका आणि लॅमिनेट तर अजिबात करू नका. लॅमिनेशनच्या उष्णतेने आणि डिंकाने जुना कागद कायमचा खराब होतो. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने लिहा: कोणतं नाटक, साधारण कोणतं वर्ष, डावीकडून कोण कोण उभं आहे. बॉलपेनने लिहू नका, पुढच्या बाजूला उठतं. आगीनंतर प्रेक्षागृहाच्या आतले फोटो विशेष मोलाचे झालेत. तुमच्या लेकीच्या गॅदरिंगचा फोटो तुम्हाला घरगुती वाटेल, पण तिच्या डोक्यावर छताची कड दिसत असेल, बाजूला विंगेची चौकट दिसत असेल. मोबाइलवर मोठ्या आकारात, उन्हाची तिरीप न पडता फोटोचा फोटो काढा आणि मूळ प्रत साध्या कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवा.

घरात ऐंशी-नव्वदीची माणसं असतील तर त्यांच्याशेजारी मोबाइलचं रेकॉर्डिंग लावून बसा. ‘पॅलेसला काय काय पाहिलंत?’ एवढंच विचारा आणि मधे बोलू नका. आमच्या आजोबांचं मी असं काही करून ठेवलं नाही. त्यांनी कुठली नाटकं पाहिली हे मला थोडंफार आठवतं, पण ते मागच्या रांगेत डोळे मिटून कुठल्या सुरावर मान हलवायचे, ते आता कुणाला विचारू?